भाकरी आणि कोरड्यास

सातारा-सांगलीकडचा माणूस जेवायला बसला की भाकरी आहे का, असं कधी विचारत नाही. भाकरी असतेच. तो विचारतो, "आज कोरड्यास काय केलंय?" हा शब्द आमच्या भागातला. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला वाटतं, हे लोक काहीतरी कोरडं मागताहेत. वास्तविक कोरड्या भाकरीबरोबर जे ओलं, पातळ, तोंडीलावणं खायचं, त्याला आम्ही कोरड्यास म्हणतो. मग ती मसुराची आमटी असो, पिठलं असो, अंबाडीची भाजी असो, नाहीतर नुसतं वाटीभर ताक असो. आज आपल्याशी बोलायचं आहे ते या कोरड्यासाविषयी. भाकरीचे गुण अलीकडे पुष्कळ गायले जातात. २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, आणि त्यानंतर शहरातल्या दुकानांत ज्वारी-बाजरीचं पीठ रंगीत पिशव्यांतून मिळू लागलं. आनंद आहे. पण एकटी भाकरी माणसाला पुरी पडत नाही. तिला जोडीदार लागतो. तो का लागतो, आणि आपल्या घरात तो कोणाच्या ताटात पोहोचतो नि कोणाच्या नाही, हे पाहायचं आहे.

मी पुष्कळ वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली काही माण तालुक्यातल्या एका गावी. एके दिवशी सकाळच्या प्रार्थनेला सातवीतली एक मुलगी उभ्या उभ्या खाली कोसळली. तोंडावर पाणी मारलं, सावलीत निजवलं. "सकाळी काय खाल्लंस?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "च्या आणि खारी." "आणि रात्री?" "भाकरी आणि चटणी, बाई. आमटी सरली होती." सरली होती, म्हणजे आधी बाप्या माणसांना आणि भावांना वाढली, मग उरली नाही. आई आणि लेक मागाहून बसल्या. घर काही खायला महाग नव्हतं. दारात म्हैस होती, परड्यात शेवग्याचं झाड होतं, कणगीत हुलगे होते. आरोग्य केंद्रात रक्त तपासलं तेव्हा ते बरंच कमी निघालं.

ही एकट्या त्या मुलीची गोष्ट असती तर मी आपला वेळ घेतला नसता. २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी झाली. तीत आपल्या महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत तर तीनांपैकी दोघांहूनही अधिक. याला जुने वैद्य पंडुरोग म्हणत. दम लागतो, पायांत गोळे येतात, अभ्यासात लक्ष लागत नाही, बाळंतपण अवघड जातं. आणि बाई म्हणते, "मला काय झालंय, जरा थकवा आहे इतकंच."

आता भाकरीकडे वळू. ज्वारी धान्य म्हणून उत्तमच. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि तितकाच चोथा. या चोथ्यामुळे पोट साफ राहतं आणि जेवणातली साखर रक्तात एकदम न चढता सावकाश चढते. म्हणून मधुमेहाच्या माणसाला भाकरी बरी, असं डॉक्टर सांगतात. मात्र बरी म्हणजे औषध नव्हे. भाकरी चांगली म्हणून पाच भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. बाजरीत लोह ज्वारीपेक्षा जास्त. पश्चिमेकडे पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरात पिकणाऱ्या नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, गव्हाच्या कितीतरी पट असतो. नाचणीची आंबील पिणाऱ्या डोंगरातल्या माणसाची हाडं उगाच नाहीत काटक.

पण ज्वारीच्या प्रथिनात एक उणीव आहे. प्रथिन हे अनेक लहान घटकांचं बनलेलं असतं. भिंत जशी दगड, विटा, चुना, वाळू यांची असते तशी. त्यातला लायसिन नावाचा घटक ज्वारीत, बाजरीत, सगळ्याच धान्यांत कमी असतो. तो कमी पडला की बाकीचे घटक असूनही शरीराला त्यांचा पुरता उपयोग करता येत नाही. वाळूचा ढीग पडलाय, पण चुना संपलाय, मग गवंडी काय करणार? हा लायसिन कडधान्यांत भरपूर असतो. उलट कडधान्यांत जे कमी, ते धान्यांत पुरेसं असतं. म्हणून भाकरी आणि हुलग्याची आमटी एकत्र खाल्ली, म्हणजे दोघांच्या बेरजेपेक्षा अधिक हाती लागतं.

ही जोडी काही आपणच शोधली असं नाही. मेक्सिकोत मक्याच्या भाकरीबरोबर घेवड्याच्या जातीचे दाणे खातात. जपानात भाताबरोबर सोयाबीनचं आंबवलेलं कालवण असतं. चीनमध्ये भात आणि सोयाबीनच्या दुधाचं पनीर. भाषा वेगळ्या, देव वेगळे, पण धान्याला डाळीची जोड सगळीकडे. प्रयोगशाळा निघण्याच्या कितीतरी आधी बायकांनी चुलीपुढे हे जमवून टाकलं होतं.

जोडी मोडली की काय होतं, त्याचा दाखला आपल्या दख्खनच्या पठारावरच आहे. पेलाग्रा नावाचा एक रोग असे. उन्हात उघडी राहणारी कातडी, म्हणजे मान, हात, पावलं, काळवंडून खरखरीत होत. पुढे हगवण लागे, आणि शेवटी माणूस भ्रमिष्टासारखा वागे. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांत हा रोग फार होता. तो संसर्गाचा रोग आहे असंच तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टराने १९१४ पासून अनाथाश्रमांत आणि तुरुंगांत पाहणी केली आणि दाखवून दिलं की हा जंतूंचा नव्हे, जेवणाचा रोग आहे. ज्या मुलांना दूध, मांस, कडधान्य मिळू लागलं, ती बरी झाली. नायासिन नावाचं जीवनसत्त्व कमी पडल्याने हा रोग होतो, हे पुढे कळलं. मेक्सिकोतही मकाच मुख्य, पण तिथे हा रोग असा पसरला नाही. कारण तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून मग वाटत, आणि त्यामुळे मक्यात अडकून बसलेलं नायासिन मोकळं होई. अमेरिकेने मका नेला, ती रीत नेली नाही.

आपल्याकडे हाच रोग ज्वारी खाणाऱ्या गरिबांत दिसला. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली असा विचार मांडला की ज्वारीत ल्यूसिन नावाचा घटक फार असतो आणि तो शरीरातल्या नायासिनच्या कामात अडथळा आणतो. या उपपत्तीवर पुढे शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. पण एका गोष्टीवर कोणाचंच दुमत नव्हतं. ज्याच्या ताटात ज्वारीबरोबर डाळ, दूध, भाजी, शेंगदाणे होते त्याला हा रोग होत नसे. नुसत्या भाकरीवर आणि मिरचीवर दिवस काढणाऱ्याला होई. आता हा रोग क्वचितच दिसतो, ही समाधानाची गोष्ट. पण दुष्काळात पहिलं काय बंद होतं, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. भाकरी बंद होत नाही; कोरड्यास बंद होतं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्या मजुरांना सुकडी मिळे, ती आजही कित्येकांना आठवते.

आता रक्ताकडे येऊ. रक्त तांबडं असतं ते लोहामुळे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या मापाप्रमाणे कामकरी वयाच्या पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं, तर बाईला २९. बाईला पुरुषाच्या दीडपट, हे नीट ध्यानात घ्या. कारण दर महिन्याला तिच्या अंगातून रक्त जातं. आणि आपल्या घरात जोडधान्याची आमटी आणि भाजी कोणाला जास्त मिळते? ज्याला लोह कमी लागतं त्याला! हिशेब उलटा बसला आहे.

तुम्ही म्हणाल, बाजरीत लोह आहे, हुलग्यात आहे, पालेभाजीत आहे, मग रक्त कमी का? तर धान्य आणि भाजीपाल्यातलं लोह अंगाला फार थोडं लागतं, शंभर भागांतले पाच-दहा भाग. बाकीचं तसंच निघून जातं. पण दोन गोष्टींनी त्यात फरक पडतो. ताटात आंबट पडलं, म्हणजे लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो यांतलं 'क' जीवनसत्त्व, तर लोह अधिक मुरतं. आणि जेवणावर लगेच चहा प्यायला, तर चहातला तुरट अंश लोहाला धरून ठेवतो, अंगात जाऊ देत नाही. आपल्याकडे काय रीत पडली आहे पाहा. सकाळी चहाबरोबर भाकरी कुस्करून खायची, दुपारी जेवून उठलं की चहा. चहा सोडा असं मी सांगत नाही. मी स्वतः सोडलेला नाही. पण जेवण आणि चहा यांच्यामध्ये तासाभराचं अंतर ठेवा. आणि लहान पोरांना चहा देऊच नये.

भोगीच्या दिवसाचं जेवण आठवा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि पावटा, घेवडा, हरभऱ्याचे ओले सोलाणे, गाजर, वांगं, शेंगदाण्याचं कूट असं सगळं एकत्र शिजवलेली भाजी. वर लोण्याचा गोळा. बाजरीचं लोह, तिळाचा चुना, कडधान्याचं प्रथिन, एकाच ताटात. वर लिंबाची फोड पिळली की पुरं झालं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण हे करतो आणि मग वर्षभर विसरतो. पावटा नसेल तर मटकी चालेल, गाजर नसेल तर भोपळा. भोगीची भाजी वर्षातून एकदाच करावी असं कोणी कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आता हुलग्यांविषयी थोडं जास्त बोलतो तर राग मानू नका, कारण या धान्याची उपेक्षा फार झाली आहे. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या कमी पावसाच्या भागात हुलगे येतात, आणि कसल्याही मुरमाड रानात येतात. सोयाबीन, ऊस आणि द्राक्षं आली तशी हुलग्यांची पाटी कोपऱ्यात गेली. गरिबाचं, जनावराचं खाद्य म्हणून पाहुण्यापुढे ठेवायला बायका लाजू लागल्या. वास्तविक शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, लोह आठ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि चुना अडीचशेच्याही वर. तुरीच्या डाळीपुढे मान खाली घालावी असं त्यात काही नाही. हुलग्याची शेंगोळी सगळ्यांना ठाऊक आहेत. माडगं मात्र नव्या सुनांना येत नाही, म्हणून सांगतो. हुलगे खरपूस भाजून दळून आणावे. पीठ थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावं, उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहावं. चवीपुरतं मीठ, थोडा गूळ, सुंठ घालावी. दाटसर झालं की उतरावं. पावसात भिजून आलेल्या माणसाला, बाळंतिणीला, परीक्षेच्या दिवसांत पोरांना गरम गरम वाटीभर द्यावं. हुलग्याच्या कढणाने मूतखडा विरघळतो असं सांगणारे भेटतील. त्यावर विसंबून दुखणं अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. हुलगे अन्न म्हणून थोर आहेत, तेवढं पुरे.

कडधान्य भिजवून मोड आणले तर आणखी फायदा. धान्याच्या दाण्यात फायटिक आम्ल नावाचा एक पदार्थ असतो, तो लोह आणि जस्त बांधून ठेवतो. मोड येताना तो कमी होतो आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं 'क' जीवनसत्त्व तयार होतं. मटकी रात्री भिजवावी, सकाळी फडक्यात बांधून उबेला ठेवावी, दुसऱ्या दिवशी मोड तयार. आंबवण्यानेही असंच होतं. ज्वारीच्या किंवा नाचणीच्या पिठाची ताकातली आंबील, कण्या शिजवून त्यात ताक, ही उन्हाळ्यातली न्याहारी म्हणजे विनाखर्चाची युक्ती आहे. मुलांना बाटलीतलं रंगीत सरबत देण्यापेक्षा ताक-कण्या बऱ्या. कोरेगावकडच्या वाघ्या घेवड्याला तर २०१६ साली सरकारी दाखला मिळाला की हे वाण या भूमीचंच. तो घेवडा मुंबईच्या बाजारात चढ्या भावाने जातो. विकावा जरूर, पण चार पायल्या घरात ठेवाव्या.

शिजवताना काही गोष्टी सांभाळायच्या. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर जातं. शिजवलेल्या डाळीचं पाणी टाकू नये. पुरणपोळीच्या दिवशी कटाची आमटी करणाऱ्या बाईला हे सांगायला नको, पण इतर दिवशी ते पाणी मोरीत जाताना मी पाहिलं आहे. लोखंडी तवा आणि कढई वापरा. अंबाडी किंवा टोमॅटोसारखी आंबट भाजी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह भाजीत उतरतं. मात्र केल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि चव बिघडते. बाजरीचं पीठ आठवड्याचंच दळून आणा. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे पीठ लवकर कडू होतं. आणि शेंगा निवडताना काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे चटणीला चालतील म्हणून ठेवू नका. त्या बुरशीचं विष भाजल्याने जात नाही आणि काळजाला, म्हणजे यकृताला, अपाय करतं. एरवी शेंगदाणा म्हणजे गरिबाचा बदाम. पाव भाग प्रथिन, आणि जवळजवळ निम्मं तेल.

सांगलीविषयी बोलायचं आणि हळद सोडायची, हे बरं दिसणार नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथे जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवीत, आणि ती वर्षानुवर्षं किडीवाचून राही. सांगलीच्या हळदीलाही २०१८ साली भौगोलिक दाखला मिळाला. हळदीवरून एक मोठा तंटाही होऊन गेला. अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचं पेटंट एका विद्यापीठाला दिलं गेलं. आपल्या आज्या जे पिढ्यानुपिढ्या करीत आल्या, ते जणू कोणी नव्याने शोधलं! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने भारताच्या वैज्ञानिक परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून पुढे केले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

हळदीचा आपल्याला अभिमान आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी खोटं बोलू नये. कुठल्याही रोगावर हळद असा जो प्रचार सध्या चालतो, त्याला माझा पाठिंबा नाही. हळदीतला गुणाचा जो पिवळा अंश आहे तो शंभर भागांत दोन ते पाच भागच असतो, आणि तोही अंगात फार थोडा मुरतो. तेलाच्या फोडणीत आणि मिऱ्यांबरोबर तो जरा बरा मुरतो. आमटीत चिमूट-चिमूट रोज पडावी, दुधात घालून प्यायला आवडत असेल तर प्यावी, एवढंच तिचं स्थान. चमकदार पिवळ्या रंगाला मात्र भुलू नका. रंग उठावा म्हणून हळदीत शिशाचा रंग मिसळण्याचे प्रकार आपल्या देशात आणि शेजारच्या बांगलादेशात उघडकीला आले आहेत. शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं. आपण तर हळदीच्या गावचे. हळकुंडं घ्या आणि घरी कुटा किंवा डोळ्यांसमोर दळून आणा.

गुळाचंही तसंच. "रक्त वाढायला गूळ खा," असं सांगितलं जातं. गूळ साखरेपेक्षा बरा, पण बराचसा साखरच. दहा ग्रॅमच्या खड्यातून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळतं. शेंगदाण्याबरोबर गूळ खा, न्याहारी म्हणून फार चांगली. पण गुळाने रक्त वाढेल म्हणून आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या गरोदर बाईने बंद करू नयेत. ज्याचं रक्त फारच उतरलं आहे त्याला नुसत्या जेवणाने चढायला फार काळ लागतो, आणि बाळ काही थांबत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी गोळीही मुलींनी चुकवू नये. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्यावी.

आता शिक्षकबंधूंशी आणि बाईंशी दोन शब्द. या जिल्ह्यांत शाळा आणि स्वयंपाकघर यांचं नातं फार जुनं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहत, आणि स्वतः रांधून एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिलं. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी पोरांच्या भाकरीसाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रदेखील, विकलं. त्या काळात मुलाला शिकवायचं तर आधी त्याच्या पोटाची सोय करावी लागे. आज ती सोय सरकारी योजनेतून होते. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ आणि पन्नास ग्रॅम भाजी असं माप ठरलेलं आहे. सहावी ते आठवीसाठी दीडशे, तीस आणि पंचाहत्तर. पुष्कळ शाळांत भाजीचं माप कागदावर राहतं, कारण बाजार लांब आणि पैसा तुटपुंजा. त्यावर परसबाग हाच इलाज. हात धुण्याच्या जागेचं पाणी आळ्यात सोडलं तर तांदुळजा, चाकवत, पालक, मेथी बारमाही निघते. कोपऱ्यात लिंबाचं एक झाड हवंच.

आणि मुलांकडून एक पाहणी करवून घ्या. वहीत कोणाच्याही घराचं नाव न लिहिता, काल रात्री घरात जेवायला कोण आधी बसलं, कोण शेवटी, आणि शेवटी बसलेल्याच्या ताटात काय होतं, एवढंच लिहायचं. गणिताच्या तासाला त्याचा तक्ता करा. मी हे केलं होतं. तक्ता फळ्यावर चढला तेव्हा पोरं गप्प झाली. दुसऱ्या दिवशी एक मुलगा सांगत आला, "बाई, काल मी आईला म्हणलं, आमटी आधी तुझ्या वाटीत काढून ठेव, मग आम्हाला वाढ." आई हसली म्हणे, आणि आजी रागावली. "बायकांनी आधी काढून ठेवायचं? हे कुठलं नवीन?" पण आठ दिवसांनी आजीनेच सुनेची वाटी फडताळात झाकून ठेवायला सुरुवात केली. तीही कधीकाळी शेवटी जेवलेली सूनच होती.

सासवांनी मनावर घेतलं तर हे काम कुठल्याही योजनेपेक्षा लवकर होईल, असं माझं मत आहे. थोरल्या जावेने आणि आत्याबाईंनी म्हणावं, "ये, बस आमच्याबरोबर," आणि सगळ्या बायकांनी पुरुषांच्याच पंगतीला बसावं. भाकऱ्या आधी करून दुरडीत फडक्याखाली ठेवल्या तर मऊ राहतात. गरम गरम वाढायचं म्हणून एकीने चुलीपुढे उपाशी बसून राहायचं कारण नाही. गरम भाकरीची आवड मलाही आहे. पण तिची किंमत कोण देतं हे कळल्यापासून थोडी निवलेली मला चालते.

शेवटी शेवग्याचं सांगतो, कारण पावसाळा तोंडावर आला की पत्रं येतात. शेंगा आपण खातो, पाला म्हशीपुढे टाकतो. वास्तविक पाल्यात चुना आणि 'क' जीवनसत्त्व शेंगेपेक्षा पुष्कळ अधिक, लोहही आहे. कोवळा पाला खुडून, मूगडाळ घालून, लसणीची फोडणी देऊन भाजी करावी, पिठल्यात घालावा, भाकरीच्या पिठात मळून धपाटी करावी. जास्त झाला तर सावलीत वाळवून पूड करून ठेवावी. त्यात 'क' जीवनसत्त्व टिकत नाही, पण चुना आणि लोह राहतं, आणि आमटीत चमचाभर टाकलं तर पोरांना कळतही नाही. झाड लावायचं तर पहिला पाऊस झाल्यावर मनगटाएवढ्या जाडीची, तीन-एक फूट लांबीची फांदी घ्यावी. पाणी साचत नाही अशी जागा पाहून दीड फुटाचा खड्डा करावा, तळाला शेणखत घालावं आणि फांदीचा तिसरा हिस्सा जमिनीत पुरावा. पाला हवा असेल तर झाड उंच जाऊ देऊ नये. हाताला येईल एवढ्यावर शेंडा छाटत राहावं, म्हणजे बगलेतून नवी फूट येत राहते आणि पाला काढायला शिडी लागत नाही.